तंबाखूचे विकर आणि आपला ऊस



तोडणीच्या पाळ्यांची चर्चा करायला आम्ही मध्यंतरी बडनेऱ्याकडच्या गटात गेलो होतो. जुनी वस्तीत एका जुन्या सभासदाच्या ओसरीवर पंधरा-वीस मंडळी जमली. चहा झाला, पाळ्यांवरून थोडी गरमागरमीही झाली. उठायची वेळ आली तेव्हा एका तरुण सभासदाने पिशवीतून लिटरभराची बाटली काढली आणि आमच्यापुढे ठेवली.

"भाऊ, हे मारू का नोको, तेवढं सांगा."

बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'जिवाणूजन्य विकर' असे छापले होते. खाली बारीक अक्षरांत, तंबाखूच्या पानाची प्रत सुधारण्यासाठी, असा मजकूर होता. उसाचे नाव कुठेच नव्हते. पण विकणाऱ्याने तोंडी सांगितले होते की, तंबाखूच्या पानात यामुळे गोडवा येतो, तसाच तो उसातही येईल आणि उतारा वाढेल. आम्ही शंका काढली तर तो पोरगा म्हणाला, "तंबाखूच्या पानाले गोडी येते, मंग उसाले काहून नाही येनार?"

प्रश्न सरळ होता. ओसरीवरच्या कुणालाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हालाही आले नाही. "विचारून, वाचून पुढच्या अंकात लिहितो," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. तो शब्द आज पाळतो आहोत. विषय तंबाखूपासून सुरू होतो, पण शेवटी तो आपल्या मोळीपाशी आणि आपल्या बिलापाशी येऊन थांबतो. म्हणून थोडा वेळ काढून वाचावे, ही विनंती.

विकर म्हणजे काय?

ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास तोंडात घ्या आणि न गिळता बराच वेळ चावत राहा. हळूहळू तो गोड लागू लागतो. भाकरीत साखर घातलेली नसते. ज्वारीतल्या पिठूळ भागाचे, म्हणजे स्टार्चचे, आपल्या लाळेतला एक पदार्थ तुकडे करतो आणि त्यातून गोड साखर सुटते. असे काम करणाऱ्या पदार्थाला विकर म्हणतात, इंग्रजीत एन्झाइम.

विकर हा एक प्रकारचा प्रथिनाचा कण. तो स्वतः संपत नाही, दुसऱ्या पदार्थाला मोडतो किंवा जोडतो. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. कुलपाला जशी आपलीच किल्ली लागते, तसेच हे. स्टार्च मोडणारे विकर लाकूड मोडत नाही आणि लाकूड मोडणारे विकर साखरेला हात लावत नाही. माणूस, झाड, बुरशी, जिवाणू अशा सगळ्यांच्या अंगी आपापली विकरे असतात. दुधाला विरजण लावतो तेव्हा आपण दुधात जिवाणू सोडतो आणि त्यांची विकरे रातोरात दुधाचे दही करतात. तेव्हा विकर ही काही परदेशी जादू नाही. आपल्या घरच्या चुलीपाशी ती रोजच काम करते.

तंबाखूच्या पानात काय होते?

हिरवे तंबाखूचे पान तोडल्याबरोबर कामाचे नसते. त्यात स्टार्च आणि प्रथिने भरपूर असतात आणि ते उग्र असते. सिगारेटच्या तंबाखूचे पान भट्टीत टांगून ऊब देत पिवळे करतात. त्या काळात पान अजून जिवंत असते, आणि पानाच्या स्वतःच्या विकरांमुळे स्टार्चची साखर होत जाते. नंतर पान वाळवतात आणि ते मरते.

चिरुटाच्या पानाची रीत निराळी. वाळलेली पाने किंचित ओलसर करून मोठ्या थप्प्या लावतात. थप्पी आतून तापते, अगदी आपल्या ओल्या कडब्याची गंजी तापते तशी. ती फार तापण्याआधी फोडायची, आतले पान बाहेर, बाहेरचे आत असे करून पुन्हा रचायची. यात पान मुरते, उग्रपणा कमी होतो, वास बदलतो.

हे मुरवणे नेमके करते कोण, यावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. १८९१ साली जर्मनीत सुख्सलांड नावाच्या संशोधकाने सांगितले की हे काम जिवाणूंचे आहे. चांगल्या प्रतीच्या परदेशी तंबाखूवरचे जिवाणू घेऊन त्याने साध्या जर्मन तंबाखूला त्यांचे विरजण लावून पाहिले. पुढे १८९९ साली अमेरिकेच्या शेती खात्यातील ऑस्कर लोव्ह यांनी उलट बाजू मांडली. जिवाणू नव्हे, पानातली स्वतःची विकरेच हे काम करतात, असे त्यांचे म्हणणे. आज दोन्ही पक्षांना थोडे-थोडे खरे मानतात. आधी पानाची स्वतःची विकरे, मग त्यावर वाढणारे जंतू, असा कामाचा क्रम.

अलीकडे या विषयावर विशेषतः चीनमध्ये पुष्कळ संशोधन झाले आहे. तंबाखू एक-दोन वर्षे गोदामात मुरवत ठेवणे व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणून पानावरचेच उपयोगी जिवाणू वाढवून, किंवा त्यांच्यापासून काढलेली स्टार्च, प्रथिने आणि पेक्टिन मोडणारी विकरे वाळलेल्या पानावर फवारून, तोच परिणाम थोड्या दिवसांत मिळवायचा, असा हा खटाटोप आहे. बाटलीवरचा मजकूर या कामाशी जुळतो. म्हणजे तंबाखूपुरता तो दावा अगदीच हवेतला म्हणता येणार नाही.

पण एक गोष्ट इथेच नोंदवू. विकराने पान जिभेला मऊ लागेल, शरीराला ते मऊ होत नाही. निकोटिन तिथेच राहते. शिवाय पानावरचे काही जिवाणू नत्राच्या क्षारांत असा बदल घडवतात की, त्यातून कर्करोगाला कारण होणारे पदार्थ तयार होतात. आपल्या वऱ्हाडात खर्ऱ्याची पुडी खिशात ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पानाची प्रत म्हणजे तंबाखू उत्पादकाचा भाव. निपाणी भागातल्या बिडी-तंबाखूवाल्या शेतकऱ्यांना हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. व्यापारी पान हातात चुरगाळणार, हुंगणार आणि सांगेल तो भाव. त्याच अन्यायाविरुद्ध १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला मोठे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या भागात पुढे तंबाखूच्या रानात ऊस आला. तेव्हा तंबाखूवाला आणि ऊसवाला ही एकाच घरची भावंडे आहेत. दोघांनाही मालाची प्रत सांभाळल्याशिवाय गत्यंतर नाही. फक्त सांभाळण्याची रीत दोघांची उलटी आहे.

मग उसाला ते का चालत नाही?

तंबाखूच्या पानात जे साठलेले आहे ते मोडायचे असते. स्टार्च मोडून साखर करायची, प्रथिने मोडून उग्रपणा घालवायचा. उसात साखर आधीच तयार आहे, कांड्याकांड्यांत भरून ठेवलेली आहे. आपल्याला ती मोडायची नाही, जपायची आहे. मोडणारे विकर उसात शिरले तर फायदा सोडा, घातच होईल.

दुसरे असे की, ते उभ्या उसात शिरतच नाही. विकराचा कण आकाराने मोठा असतो. उसाच्या पानावर आणि कांडीवर मेणाचा थर असतो. तो भेदून हा कण आत जाऊन कांडीपर्यंत पोचेल, अशी आशा करू नये. वाळलेले, ओलावलेले तंबाखूचे पान गोदामात पडलेले असते, तिथे विकराला वेळ मिळतो, ओल मिळते. इथे उभ्या रानात ऊन त्याची वाट लावते.

उसात साखर भरते ती चांगल्या जातीने, पुऱ्या वयाने, वेळेवर दिलेल्या खताने, शेवटी पाणी तोडल्याने आणि हिवाळ्याच्या थंडीने. युरिया उशिरा आणि जास्त दिला, तोडणीच्या तोंडावर पाणी भरले, तर कुठलीही बाटली ती चूक दुरुस्त करत नाही. या गोष्टी जुन्याच आहेत. पण जुने ते करायला पैसे लागत नाहीत, म्हणून ते कुणी विकायला येत नाही.

उसातले खरे विकर: तोडणीनंतरचा चोर

आता मूळ मुद्द्यावर येतो. विकरांचा आणि उसाचा संबंध नाही असे मुळीच नाही. फार जवळचा संबंध आहे. पण तो कोयता पडल्यानंतर सुरू होतो.

ऊस तोडला की त्याचे मुळाकडून येणारे पाणी बंद होते. कांडी सुकू लागते, वजन घटते. हे आपल्याला काट्यावर दिसते. पण आत आणखी दोन गोष्टी घडतात, त्या दिसत नाहीत.

पहिली गोष्ट उसाच्या स्वतःच्या विकराची. त्याला इन्व्हर्टेज म्हणतात. ते साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, दोन तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. चवीला दोन्ही गोडच. म्हणून शिळा ऊस चावून पाहिला तरी तो गोड लागतो आणि आपली फसगत होते. पण या तुकड्यांचे स्फटिक कारखान्यात होत नाहीत. ती साखर पोत्यात न जाता मळीत जाते. ऊन जितके जास्त, तितके हे काम झपाट्याने चालते. आपल्याकडे मार्च-एप्रिलचे ऊन काय असते हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट जंतूची. कोयत्याने कापलेल्या तोंडातून, तडकलेल्या कांडीतून, उंदीर-डुकराने कुरतडलेल्या जागेतून एक जिवाणू उसात शिरतो. त्याचे नाव ल्युकोनॉस्टॉक. तो मातीत असतो, कोयत्यावर असतो, ट्रॉलीच्या फळीवर असतो. तोडणीनंतर काही तासांतच त्याचे काम सुरू होते. त्याच्याजवळ एक विकर असते. ते सुक्रोज मोडते, त्यातले ग्लुकोज एकमेकाला जोडत जाऊन लांबलचक चिकट साखळी बनवते आणि फ्रुक्टोज सोडून देते. या चिकट पदार्थाला डेक्स्ट्रान म्हणतात. एक किलो डेक्स्ट्रान तयार व्हायला दोन किलोहून जास्त साखर खर्ची पडते. आपण आठ-दहा महिने, वर्षभर राबून भरलेली साखर हा जंतू दोन-तीन दिवसांत गोंदासारखी करून ठेवतो.

हा चोर नवा नाही. युरोपातल्या बीटच्या साखर कारखान्यांत दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी नळ्यांतून, हौदांतून बेडकाच्या अंड्यांसारखे बुळबुळीत गोळे सापडू लागले. रस चालेना, गाळणी तुंबू लागल्या. १८६१ साली लुई पाश्चरने हे सूक्ष्म जीवांचे काम असल्याचे दाखवले. १८७४ साली शाइब्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्या चिकट पदार्थाला डेक्स्ट्रान हे नाव दिले आणि १८७८ साली फ्रान्सच्या व्हान टिगेमने त्या जंतूचे नाव ठेवले. पुढे १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये याच डेक्स्ट्रानपासून, रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या शिरेत द्यायचे औषधी द्रावण तयार झाले. जो पदार्थ साखर कारखान्यात डोकेदुखी, तोच दवाखान्यात जीवदान. जगात कुठलीही वस्तू केवळ वाईट नसते, ती कुठे आहे यावर सारे असते.

आपल्या कारखान्यात मात्र ती डोकेदुखीच आहे. डेक्स्ट्रानमुळे रस दाट, चिकट होतो. गाळणी मंदावते, पाक उकळायला वेळ लागतो, वाफ जास्त जळते. साखरेचा दाणा चौकोनी न होता लांबट, सुईसारखा होतो. मळीत साखर जास्त जाते. आणि प्रयोगशाळेलाही तो चकवतो. रसातली साखर ज्या यंत्राने मोजतात त्यात प्रकाश किती वळतो हे पाहतात. डेक्स्ट्रान तो साखरेच्या सुमारे तिप्पट वळवतो. त्यामुळे झालेले नुकसान कागदावर पुरते दिसत नाही. कागदावर साखर असते, पोत्यात भरत नाही. हंगामाच्या शेवटी हिशेब जुळेना की मग एकमेकांकडे बोटे.

चूक कुणाची?

इथे आम्ही सभासदांनाच दोष देऊन मोकळे होणार नाही. त्या दिवशी ओसरीवर एका वडीलधाऱ्या सभासदाने आम्हाला जे ऐकवले ते इथे लिहिले नाही तर हा लेख खोटा ठरेल. गेल्या हंगामात त्यांचा ऊस तोडून दोन दिवस बांधावर पडून होता, कारण ट्रॉली आली नाही. ट्रॉली आली ती कारखान्याच्या आवारात आणखी एक दिवस उभी राहिली, कारण गिरणी बंद होती. "जंतू-बिंतू समदं खरं भाऊ, पन तो तीन दिवस कोनी ठेवला त्याच्यापाशी आमचा ऊस?" असे ते म्हणाले. या प्रश्नाला विज्ञानाचे उत्तर नाही. त्याला व्यवस्थेचे उत्तर द्यावे लागते.

आपल्या भागाची अडचणही खरी आहे. वऱ्हाड हा मुळात कापसाचा मुलूख. पश्चिम महाराष्ट्रासारखा सलग ऊस इथे नाही. एका गावात दहा एकर, मग चार गावे सोडून पुढे पाच एकर. तोडणीची टोळी हिंडते, वाहन लांबून येते, आणि वेळ वाटेत जातो. म्हणूनच आपल्याला इतरांपेक्षा जास्त काटेकोर राहिले पाहिजे. जिथे वाट लांब, तिथे शिदोरी नीट बांधावी लागते.

पैशाचा हिशेब

आता पैशाचे पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची रास्त व किफायतशीर किंमत १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली. त्यावर उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जास्त, घटला की तेवढेच कमी. ९.५ टक्क्यांच्या खाली मात्र आणखी कपात नाही, तिथे ३२९ रुपये ५ पैसे ही तळाची किंमत धरली आहे.

तेव्हा ०.१ टक्का म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. ज्याचा ६० टन ऊस जातो त्याचे २,०७६ रुपये. उतारा ०.५ टक्क्याने घसरला तर त्याच सभासदाचे १०,३८० रुपये. यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन बिल हाती येते, हे आपण जाणतोच.

आणि यातली खरी गोम अशी की, हा उतारा एकेका सभासदाचा धरत नाहीत, सगळ्या कारखान्याचा सरासरी धरतात. ज्याने ऊस ताजा दिला त्यालाही शिळ्या उसाच्या घसरणीचा वाटा सोसावा लागतो. शेजाऱ्याच्या गोठ्यातली लागण आपल्या गोठ्यात यायला वेळ लागत नाही. सहकारात नफा वाटून घेतो तसा निष्काळजीपणाही वाटला जातो.

कारखान्यात विकर वापरतात का?

वापरतात. हे ऐकून बाटलीवाल्याला आनंद होईल, पण जागा वेगळी आहे. डेक्स्ट्रानची साखळी तोडणारे विकर काही बुरशींपासून मिळते, त्याला डेक्स्ट्रानेज म्हणतात. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड भागातील कारखान्यांत ते रसात टाकून त्याचा उपयोग सिद्ध झाला. तसेच उसाच्या कोवळ्या शेंड्यातून, वाढ्यातून, हिरव्या पानातून रसात स्टार्च येतो. तो मोडायला अमायलेज हे जिवाणूजन्य विकर वापरतात. तंबाखूच्या बाटलीत असते त्याच जातीचे.

परंतु लक्षात घ्या. डेक्स्ट्रानेजने रस पातळ होतो, गाळप सुकर होते. गेलेली साखर परत येत नाही. चोर पकडला म्हणून खाल्लेला माल घरी येत नाही. शिवाय विकर महाग, त्याचा खर्च शेवटी सभासदांच्याच खिशातून. त्यापेक्षा चोराला दारात येऊ न देणे स्वस्त.

ते कसे, ते थोडक्यात सांगतो:

१. पाळीपत्रक आल्याशिवाय आणि वाहन ठरल्याशिवाय कोयता लावू देऊ नका. मुकादमाने घाई केली तरी नाही.

२. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा. उन्हाळ्यात तर त्याही आधी.

३. ऊस राहिलाच तर उघड्यावर पसरून ठेवू नका. सावलीत रचा, वरून ओले पाचट झाका, पाणी शिंपडा.

४. वाढे नीट छाटा, पाला काढा, माती झटका. मोळीतल्या मातीबरोबर जंतूही येतो.

५. ऊस पेटवून तोडू नका. जाळलेल्या उसाची साल तडकते, मेण वितळते आणि जंतूला सगळीकडून दारे उघडी मिळतात. असा ऊस हिरव्या उसापेक्षा लवकर बिघडतो.

६. कारखान्याकडून आपण काय मागावे तेही सांगतो. गिरणी बंद पडली तर ती खबर त्याच तासाला गटात पोचावी आणि तोडणी थांबवावी. आवारात आलेली वाहने आल्याच्या क्रमाने घ्यावीत. गिरणीचे रूळ, पन्हाळी, रसाचे हौद गरम पाण्याने नेमाने धुवावेत. कोपऱ्यात साचलेला शिळा रस म्हणजे जंतूचे विरजणच.

ज्यांना शंका असेल त्यांनी घरी करून पाहावे. एक मोळी तोडून लगेच ताणकाट्यावर तोला. तीच मोळी बांधावर उन्हात ठेवून दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी तोला. आकडा आम्ही सांगत नाही, तुम्हीच वहीत लिहा. आणि हे फक्त पाण्याचे वजन गेले, साखर किती गेली ते काटा सांगणार नाही, हेही शेजारी लिहून ठेवा.

आपल्या पानाचे काय?

तंबाखूवाला पानाला जपतो. आपण मात्र उसाचे पान काडी लावून जाळतो. बडनेऱ्याहून परतताना रेल्वेच्या रुळांपलीकडे एका रानातून धूर वर चढताना दिसला, तेव्हा हाच विचार मनात आला. ज्याला पानावर विकर वापरण्याची खरोखर हौस असेल, त्याने ते पाचटावर वापरावे. ती जागा खरी आहे.

एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात ०.४२ ते ०.५० टक्के नत्र, ०.१७ ते ०.२० टक्के स्फुरद आणि ०.९ ते १ टक्का पालाश असतो. दहा टनांचा हिशेब केला तर ४२ ते ५० किलो नत्र, १७ ते २० किलो स्फुरद आणि ९० ते १०० किलो पालाश. काडी लावली की नत्र धुरात जाते, सेंद्रिय कर्ब जाळून खाक होतो, जमिनीच्या वरच्या थरातले जीव मरतात.

पाचट कुजवतात त्या मुख्यतः बुरशी. त्यांची विकरे पानातला लाकडी भाग मोडतात. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकन फौजेचे सुती तंबू आणि कपडे कुजून जाऊ लागले. तपास केला तेव्हा एक बुरशी सापडली, ट्रायकोडर्मा. तिच्या विकरांनी कापूस खाऊन टाकला होता. तीच आता कारखानदारीत विकरे काढायला वापरतात, आणि तिची भावंडे आपले पाचट कुजवायला मदत करतात.

रीत सोपी आहे. तोडणी झाल्यावर पाचट पेटवायचे नाही. सरीत सारखे पसरायचे. बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटून घ्यायचे. मग पाचटाच्या दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू-संवर्धक, असे पाचटावर टाकायचे. एकरी चार टन पाचट धरले तर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो संवर्धक. वर पाणी द्यायचे. पाचट ओले राहून मातीला टेकले पाहिजे, एवढे पाहायचे. साडेतीन-चार महिन्यांत त्याचे खत होऊ लागते. शिवाय पाणी कमी लागते, तण दबते.

युरिया कशाला, असे कुणी विचारतात. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. कुजवणाऱ्या जंतूंना नत्र लागते. आपण दिले नाही तर ते जमिनीतून उचलतात आणि कोवळा खोडवा पिवळा पडतो. मग सभासद म्हणतात, पाचट ठेवले म्हणून खोडवा बिघडला. पाचटाने नाही बिघडला, मजुरांना भाकरी न देता कामाला लावले म्हणून बिघडला.

संवर्धक घेताना खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ साली सहकारी कारखान्यांनीच उभी केलेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. अकोल्याला आपले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. अशा ठिकाणी विचारल्याशिवाय नवी वस्तू रानात नेऊ नये.

बाटलीचा निकाल

तर त्या तरुण सभासदाला आमचे उत्तर असे. उभ्या उसावर मारू नका. जे तंबाखूच्या वाळल्या पानासाठी बनवले आहे, त्याने उसात साखर भरणार नाही.

पुढेही अशा बाटल्या येतील. २०२१ साली खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश झाला आणि अशा मालाला नोंदणी आली. तेव्हा बाटली हाती घेतली की पाहावे: कोणत्या पिकासाठी आहे ते लिहिले आहे का? घटक, प्रमाण, बनवणाऱ्याचा पत्ता, मुदत आहे का? विकणारा पक्की पावती देतो का? जो तोंडाने ऊस म्हणतो आणि कागदावर तंबाखू लिहितो, त्याला पावतीवर 'उसासाठी' असे लिहून द्यायला सांगावे. बहुतेक वेळा तिथेच बोलणे संपते.

तरीही कुणाला करूनच पाहायचे असेल तर सगळ्या रानावर मारू नये. चार सऱ्यांवर मारावे, शेजारच्या चार तशाच सोडाव्यात आणि तोडणीच्या वेळी दोन्हींचे वजन आणि रसाची तपासणी शेतकी विभागाकडून वेगवेगळी करून घ्यावी. आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आकडा हजार माहितीपत्रकांपेक्षा मोलाचा.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही त्या तरुणाला निरोप धाडला. त्याचा उलट निरोप आला, "बाटली परत घेत नाही म्हनते तो. पैशे गेले बाप्पा." गेले खरे. पण त्याच निरोपात पुढे एक ओळ होती, ती सगळ्यांनी वाचावी म्हणून देतो. यंदा त्याने मुकादमाला सांगून ठेवले आहे की, वाहन बांधावर लागल्याशिवाय कोयता उचलायचा नाही. आणि पाचटाला काडी लावायची नाही.

वाहन त्याच्या बांधावर वेळेवर लागेल, हे पाहणे आता आपल्या सगळ्यांच्या कारखान्याचे काम आहे. येत्या गट-बैठकीत हा विषय पहिला घ्यावा, असे आम्ही सुचवतो. सभासदांनी आपापल्या तोडणीची तारीख, वाहन आल्याची वेळ आणि काट्यावरची वेळ वहीत टिपून बैठकीला आणावी. बोलणे मग तोंडी राहणार नाही.